कापलेल्या टेकडीचे ऋण

सुंदर वस्तू डोळ्यांपुढे आली असता तिच्या पूर्वेतिहासाची चौकशी करणे हे रसिकतेचे लक्षण समजावे की अरसिकतेचे? लग्नाच्या पंगतीत पानावर जिलबी पडली असता आचाऱ्याच्या हाताला चटका बसला की नाही, हे विचारीत बसणारा पाहुणा कोणासच आवडत नाही. ‘जे पुढे आले आहे त्याचा आस्वाद घ्यावा आणि तृप्त व्हावे, नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये,’ असे आपल्याकडील शहाणे लोक सांगत आलेच आहेत. उलटपक्षी, ज्या सुखाचे मोल दुसऱ्याने दिले आहे ते सुख डोळे मिटून भोगणे सज्जनास शोभत नाही, असेही आपले मन आपणांस सांगत असते. या दोन सांगण्यांपैकी कोणते खरे मानावे? हा प्रश्न नुसता कलाशास्त्राचा नाही, नीतीचाही आहे. आणि आमच्या मते आज आपल्या दाराशी येऊन ठेपलेला आहे. त्याचा विचार करण्यास एका जपानी चित्राइतके चांगले निमित्त आम्हांस दुसरे सुचत नाही.

हे चित्र उतागावा हिरोशिगे (१७९७–१८५८) या चित्रकाराचे आहे. आयुष्याच्या अखेरच्या काळात, १८५६ ते १८५८ या वर्षांत, त्याने ‘एदोची शंभर प्रसिद्ध स्थळे’ या नावाची लाकडी ठशांच्या चित्रांची एक मोठी मालिका केली. एदो म्हणजे आजचे टोकियो. नाव शंभराचे असले तरी चित्रे शंभराहून अधिक भरली, इतकी ती लोकांना आवडली. याच मालिकेतील दोन चित्रांच्या तैलरंगी नकला पुढे १८८७ साली व्हॅन गॉग या डच चित्रकाराने पॅरिसमध्ये केल्या, यावरून त्यांची कीर्ती कोठवर पोहोचली हे दिसते. परंतु आम्ही ज्या चित्राविषयी बोलत आहो ते त्या दोहोंपैकी नव्हे. त्याचे नाव ‘शिनागावा येथील गोतेनयामा’. चित्र उभ्या आकाराचे आहे. वरच्या बाजूस निळे आकाश. त्याखाली टेकडीचा माथा. माथ्यावर फुललेली चेरीची झाडे आणि वसंतोत्सवास आलेली मुंगीएवढी माणसे. इथपर्यंत सर्व काही अपेक्षेप्रमाणेच आहे. पण माथ्याच्या खाली नजर आली की ती अडखळते. टेकडीस उतार असावा तेथे उतार नाही. तेथे सरळ तुटलेला, मातकट रंगाचा, उघडावाघडा कडा आहे. एखाद्या पोळीचा तुकडा तोडावा तशी ही टेकडी कोणीतरी तोडून नेली आहे. कोणी, आणि कशासाठी?

याचे उत्तर चित्रात नाही, इतिहासात आहे. गोतेनयामा म्हणजे ‘राजवाड्याची टेकडी’. सतराव्या शतकात तेथे शोगुनाचा एक लहानसा प्रासाद होता. तो १७०२ साली आगीत जळाला आणि टेकडीस नाव तेवढे राहिले. पुढे तेथे चेरीची झाडे वाढली आणि एदोच्या सामान्य नागरिकांना वसंत ऋतूत चटया अंथरून बसण्यास, खाण्यापिण्यास व समुद्रावरील शिडे पाहण्यास ती हक्काची जागा झाली. होकुसाई या दुसऱ्या थोर चित्रकाराने १८३० च्या सुमारास काढलेल्या फुजी पर्वताच्या प्रसिद्ध मालिकेत या टेकडीचे चित्र आहे. त्यात हिरवेगार उंचवटे आहेत, फुले आहेत, आनंदात दंग झालेली मंडळी आहेत आणि दूर फुजी उभा आहे. कड्याचा मागमूस नाही. तेव्हा होकुसाईचे चित्र आणि हिरोशिगेचे चित्र यांच्या दरम्यानच्या पंचवीस वर्षांत काहीतरी घडले असले पाहिजे.

घडले ते असे. १८५३ च्या जुलै महिन्यात अमेरिकेचा नौसेनापती पेरी चार युद्धनौका घेऊन एदोच्या उपसागराच्या तोंडाशी येऊन उभा राहिला आणि त्याने दोनशे वर्षांहून अधिक काळ जवळजवळ बंद असलेले जपानचे दार ठोठावले. उत्तर घेण्यास आपण पुन्हा येऊ, असे सांगून तो गेला. शोगुनाच्या राज्यात एकच धांदल उडाली. राजधानीच्या रक्षणासाठी शिनागावाच्या उथळ समुद्रात भराव घालून तोफांची बेटे उभारावयाचे ठरले. बेत अकरा बेटांचा होता. भरावास माती हवी होती, आणि सर्वांत जवळची माती गोतेनयामाची होती. हजारो मजुरांनी ती खणून, वाहून समुद्रात टाकली. आपल्या पुराणांत अशी कथा आहे की, पूर्वी पर्वतांना पंख होते. इंद्राने वज्राने ते छाटले, तेव्हा हिमालयाचा पुत्र मैनाक तेवढा समुद्रात दडी मारून बचावला. गोतेनयामाही समुद्रात गेली. पण मैनाक आपले पंख वाचविण्यास गेला होता, ही बिचारी पंख छाटून गेली. आणि ज्या कार्यासाठी ती गेली त्याचे काय झाले? पेरी १८५४ च्या आरंभीच परत आला, ३१ मार्च रोजी तह झाला, बेटांचे काम पुढे आवरते घेण्यात आले, समुद्रातील पाच बेटे तेवढी पुरी झाली आणि त्यांवरील तोफांना लढाईचा प्रसंग कधीच आला नाही. त्यांपैकी दोन आजही टोकियोच्या उपसागरात उभी आहेत. एकावर १९२८ पासून सार्वजनिक उद्यान आहे.

हिरोशिगेने टेकडी पाहिली ती या सर्व घडामोडी होऊन गेल्यावर. शिवाय मध्यंतरी, १८५५ च्या नोव्हेंबरात, एदोस मोठा भूकंप होऊन हजारो माणसे मेली होती आणि शहराचा पुष्कळ भाग जळाला होता. मालिकेचा आरंभ झाला तो या भूकंपानंतर काही महिन्यांनी. लोकांना आपले शहर पुन्हा सुंदर झालेले पाहावयाचे होते, हे उघड आहे. चालू राजकीय घडामोडींवर चित्रे छापण्यास तर बंदीच होती. प्रत्येक चित्रावर सरकारी परीक्षकाची मोहोर असल्यावाचून ते विकता येत नसे. अशा वेळी चित्रकारापुढे दोन सोपे मार्ग होते. पहिला, टेकडी पूर्वीसारखी अखंड काढावयाची. त्याने स्वतः तरुणपणी ती तशी काढलीही होती, त्यामुळे हात आपोआप वळला असता. दुसरा, गोतेनयामा मालिकेतून वगळावयाची. त्याने दोन्ही मार्ग सोडले. त्याने फुलेही काढली आणि कडाही काढला. पेरीविषयी एक अक्षर नाही, शोगुनावर टीका नाही, गेलेल्या टेकडीसाठी विलाप नाही. जे होते ते जसे होते तसे त्याने कागदावर ठेवले, आणि परीक्षकाने त्यावर मोहोर उठविली.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. रसास्वादाचे कैवारी म्हणतील की, हा इतिहास ठाऊक नसलेल्या मनुष्यासही ते चित्र सुंदर वाटतेच. मग इतिहासाने आनंदात भर कोणती पडली? उलट विघ्न मात्र आले. ते आपल्या साहित्यशास्त्रातील साधारणीकरणाचा आधारही घेतील. रसास्वादाच्या क्षणी ‘हे माझे, हे परक्याचे’ ही जाणीव गळून पडते, असे भट्टनायक व अभिनवगुप्त यांनी प्रतिपादिले आहे. मग माती कोणी खणली व कोणासाठी खणली, या लौकिक चौकशा तेथे हव्यात कशाला? हा युक्तिवाद वजनदार आहे, परंतु त्यात एक फट आहे. साधारणीकरणात गळून पडावयाचा तो आपला स्वार्थ, सत्य नव्हे. जो मनुष्य एखाद्या वस्तूचा लाभ घेतो आणि ती कोठून आली हे कळू नये अशी इच्छा धरतो, त्याचा स्वार्थ गळून पडलेला नसतो. तो त्याने चटईखाली सरकविलेला असतो. न विचारणे हे नेहमीच निर्ममतेचे लक्षण नसते. पुष्कळदा ते आपल्या ममतेला धक्का लागू नये म्हणून केलेली तजवीज असते.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट टोकास जातो. त्याच्या मते प्रत्येक सुंदर वस्तूच्या पोटात कोणता तरी अन्याय दडलेला असतो आणि तो उघडा करणे एवढेच विचारी मनुष्याचे काम आहे. या पक्षाच्या हाती हिरोशिगेचे चित्र दिले तर तो कडा तेवढा पाहील आणि फुलांना ढोंग ठरवील. परंतु ती फुले खोटी नव्हती. भूकंपातून वाचलेली माणसे दुसऱ्या वसंतात त्या झाडांखाली बसली असतील तर त्यांचा आनंदही खोटा नव्हता. शिवाय हा पक्ष एक गोष्ट विसरतो. त्या चित्राचीच घडण पाहा. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. खोदकाम करणारा तो कागद फळीवर पालथा चिकटवी आणि रेषांच्या कडेने लाकूड कोरून काढी. या कामात मूळ रेखाटन नष्ट होई. म्हणजे ज्या हजारो प्रती जगभर गेल्या त्यांचे चित्रकाराच्या हातचे मूळ कोठेच उरत नसे. आणि फळी कशाची? बहुधा चेरीच्याच लाकडाची, कारण ते कठीण व एकजीव असते. चेरीच्या फुलांचे चित्र चेरीचे झाड कापूनच छापले जाई! कापल्यावाचून जगात काहीच घडत नाही. नांगरही भुईला कापतोच. म्हणून ‘कापू नका’ एवढाच उपदेश ज्याच्यापाशी आहे, त्याच्यापाशी जगण्याची रीत नाही.

मग मधला मार्ग कोणता? तो सांगण्यापूर्वी वाचकांस एदोहून आमच्या गावी आणणे भाग आहे. कारण दुसऱ्याच्या टेकडीविषयी तत्त्वज्ञान सांगणे फार सोपे असते.

आम्ही राहतो ते जुईनगर नव्या मुंबईत आहे. नाव कसे फुलासारखे! ठाण्याच्या खाडीपलीकडे दुसरे शहर वसवावे ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांनी १९६५ च्या सुमारास मांडली. १९७० साली त्या कामासाठी ‘सिडको’ हे मंडळ स्थापन झाले, आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी संपादन करण्याचे ठरले. आगरी व कोळी लोकांची भातशेती, मिठागरे व मासेमारीच्या जागा यांवर हे नगर उभे आहे. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण प्राणांस मुकले. संपादन केलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांस परत देण्याची योजना त्या रक्तातून निघाली.

जमिनीची ही हकीकत निदान बोलली तरी जाते. डोंगराची कोणी बोलत नाही. जुईनगरच्या पूर्वेस, महामार्ग व शिरवण्याचे कारखाने ओलांडले की पारसिकची डोंगररांग लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो काळा पाषाण. पावसाळ्यात ही रांग हिरवी होते, तिच्यावरून ढग खाली उतरतात आणि आमच्या घरांच्या गच्च्यांतून ते दृश्य मोठे रमणीय दिसते. परंतु त्या हिरवळीत ठिकठिकाणी तुटलेले, करडे, सरळ कडे आहेत. त्या दगडांच्या खाणी होत. शहर बांधावयाचे म्हणजे खडी हवी, आणि सर्वांत जवळचा दगड डोंगराचा होता. सुरुंग लावून तो फोडला, यंत्रांत भरडला आणि डंपरांनी खाली आणला. आमच्या भिंती, आमचे जिने, आमच्या रस्त्यांचे थर हे त्या रांगेचेच तुकडे आहेत. दक्षिणेस उलव्याची टेकडी होती, सुमारे ९० मीटर उंचीची. नव्या विमानतळासाठी ती सुरुंगांनी उतरविली, तिच्या दगडमातीने खाजणातील जमीन भरून उंच केली, नदीचा प्रवाह वळविला आणि दहा गावठाणे हलविली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. टेकडी खणून पाण्यात भराव घालण्याची एदोतील तीच कृती दीडशेहून अधिक वर्षांनी आमच्या खाडीवर पुन्हा झाली. फरक एवढाच की, तेथे बाहेरच्यांना थोपविण्यासाठी टेकडी गेली आणि येथे बाहेरच्यांना आणण्यासाठी.

येथे कोणी म्हणेल, तोफांची बेटे फुकट गेली. घरे व विमानतळ तर लोकांच्या उपयोगी पडत आहेत. मग खंत कशाची? आमचे म्हणणे असे की, उपयोगाने पापाचा प्रश्न कदाचित सुटत असेल, ऋणाचा सुटत नाही. उलट तेथेच तो सुरू होतो. जी वस्तू वाया गेली तिचे ऋण कोणावरच नाही. जी आपल्या कामी आली तिचेच आपण ऋणी. पाप आणि ऋण यांतील भेद आपल्या परंपरेने नीट ओळखला होता. पाप करणाऱ्यास लागते. ऋण तर काही न करता, केवळ जन्मास आल्यानेही लागते. देवांचे, ऋषींचे, पितरांचे ऋण मनुष्य जन्मतःच घेऊन येतो, असे आपल्या पूर्वजांनी मानले, त्यात ‘तू अपराधी आहेस’ असा आरोप नव्हता. ‘तू एकट्याच्या बळावर उभा नाहीस’ एवढी आठवण होती. सकाळी अंथरुणातून उठताना भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याची जी रीत कित्येक घरांतून अद्याप चालू आहे, तिचा अर्थही हाच. क्षमा मागणारा पाऊल उचलून धरीत नाही, ते ठेवतोच. पण कोणावर ठेवीत आहे हे जाणून ठेवतो.

ऋणाचा हा विचार आम्हांस दोन्ही टोकांपासून वाचवितो. विशेषतः आमच्यासारख्या मध्यमवर्गीयांस एका मोहापासून तो वाचवितो, आणि तो मोह मोठा गोंडस आहे. स्वतःचे घर झाले, हप्ते फिटत आले, की संध्याकाळी गच्चीत उभे राहून डोंगर कापला गेल्याबद्दल हळहळावे, खाणीत दगड फोडणाऱ्या मजुरास किंवा खाणीचा ठेका घेणाऱ्या गावकऱ्यास दोष द्यावा, आणि आपण मोठे निसर्गप्रेमी आहो असे मानावे. ज्याच्या भिंतीत तो डोंगर आहे त्याने डोंगर फोडणाऱ्यास नावे ठेवणे म्हणजे पोटभर जेवून आचाऱ्यास शिव्या देण्यासारखे आहे. ऋणको मनुष्यास हळहळण्याचा अधिकार नसतो असे नाही; पण हळहळ ही परतफेड नव्हे.

मग परतफेड कशाने व्हावी? कापलेला डोंगर पुन्हा जोडता येत नाही. परंतु जे ऋण फिटत नाही ते निदान मान्य करता येते, त्याची नोंद ठेवता येते, आणि ते आणखी वाढविण्यापूर्वी हिशेब मागता येतो. व्यापारी घरांत कर्जाची वही मुलाच्या हाती देऊन बाप डोळे मिटतो; वही दडवून मरणारा बाप कुळाचा शत्रू समजला जातो. आज या नगरात जी मुले वाढत आहेत त्यांना पारसिकची रांग मूळपासूनच अशी दातेरी होती असे वाटते. उलवे येथे टेकडी होती, हे तर आणखी वीस वर्षांनी कोणास खरेही वाटणार नाही. ही वही आपण त्यांच्या हाती देणार की नाही? टेकड्यांची नावे, गावठाणांची नावे, कोठला दगड कोठे गेला याची हकीकत, हे घरात, शाळेत, सहलीत मुलांना सांगितले गेले पाहिजे. सांगणे म्हणजे त्यांना अपराधी करणे नव्हे. ज्यास मागचा हिशेब ठाऊक आहे तोच पुढच्या कापणीच्या वेळी ‘किती, कोणासाठी, कोणाचे जाणार आणि थांबणार कोठे?’ हे चार प्रश्न विचारू शकतो. ज्यास टेकडी होती हेच ठाऊक नाही, तो काय विचारणार?

या दृष्टीने हिरोशिगेचे चित्र आम्हांस वहीचे एक प्रामाणिक पान वाटते. सरकारच्या बंदीमुळे कारण लिहिण्याची त्यास मुभा नव्हती; पण जमेच्या बाजूस फुले मांडताना खर्चाच्या बाजूस कडा मांडावयास तो विसरला नाही. पूर्वीची टेकडी ज्यांनी पाहिली होती त्या एदोकरांना तेवढे पुरेसे होते. आणि त्याने आणखी एक गोष्ट केली आहे, जी प्रथमदर्शनी लक्षात येत नाही. माथ्यावर बसलेल्या मंडळींना फुले दिसतात, समुद्र दिसतो, एकमेकांचे हसरे चेहरे दिसतात. आपल्या पायांखाली टेकडी कोठे तुटली आहे हे त्यांना बसल्या जागेवरून दिसणे शक्य नाही. त्यांत त्यांचा दोष नाही. जागाच तशी आहे. कडा दिसतो तो खाली उभे राहणारास. चित्रकाराने पाहणाऱ्यास मंडळींत नेऊन बसविले नाही, खाली, कड्याच्या समोर, उभे केले आहे; आणि तेथून वर पाहिले असता कडा आणि फुले ही दोन्ही एकदम दिसतात. सुंदर वस्तूच्या पूर्वेतिहासाची चौकशी करणे म्हणजे उत्सव मोडणे नव्हे. उत्सवातून उठून थोडा वेळ खाली उतरून येणे, एवढेच ते आहे. वर परत जाण्यास कोणाची बंदी नसते. फुलेही तोवर गळत नाहीत.